स्पिनची नावं आणि त्यांचा गोंधळ

फिगर स्केटिंग बघताना कॉमेंटेटर जी स्पिनची नावं फेकत असतात ना, त्यातली निम्मी ऑफिशियल नाहीतच. जजेसच्या लेखी बेसिक पोझिशन तीनच, अपराइट (उभं राहून), सिट (एका पायावर बसून) आणि कॅमल (एका पायावर पुढे झुकून, दुसरा पाय मागे आडवा), लेबॅक (पाठ मागे वाकवून) हासुद्धा अपराइटचाच प्रकार. पण स्केटर्स गप्प बसतात होय! सिटमध्येच एकदम खाली वाकून मुक्त (बर्फावर नसलेला) पाय पुढे धरला की कॅननबॉल, कॅमलमध्ये पाय मागून हाताने पकडून अंगाचं आडवं कडं केलं की डोनट, लेबॅकमध्ये ब्लेड डोक्याजवळ ओढली की हेअरकटर (हे नाव कोणी ठेवलं देव जाणे, पण ऐकूनच मान आखडते). मग माणसांची नावं आहेतच. सिट स्पिनला पूर्वी अमेरिकन स्केटर जॅक्सन हेन्सच्या नावाने जॅक्सन हेन्स स्पिन म्हणायचे, फ्लाइंग कॅमल (उडी मारून घेतलेला कॅमल) म्हणजे अमेरिकेच्याच डिक बटनचा बटन कॅमल, आणि पाय डोक्यावर नेऊन दोन्ही हातांनी धरायचा तो बीलमन, स्वित्झर्लंडची डेनिस बीलमन 1981 ची वर्ल्ड चॅम्पियन, पण तिच्या आधीही काहीजणी तो करायच्या आणि नाव मात्र तिचंच चिकटलं, जरा अन्यायच आहे हा. कॅमल तर आधी पॅरलल स्पिन होता, ब्रिटनच्या सिसिलिया कॉलेज या स्केटरने आणलेला. मला विचाराल तर पॅरललच बरं होतं, निदान काय करायचंय ते तरी कळतं, उंटाचा तिथे काय संबंध?