वडगावातली रात्र

कोल्हापूरहून निघालेली एसटी निपाणी, संकेश्वर करत बेळगावात पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. मावशी बेळगावातच, वडगावला राहते. तिच्याकडे जायच्या आधी किल्ल्यात शिरलो, १२०४ सालची कमल बस्ती बघायला. रट्ट राजांच्या काळातलं हे जैन मंदिर काळ्या दगडाचं. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर आधी काहीच दिसेना. डोळे सरावले, तसं मंडपाच्या छतातून खाली झुकलेलं दगडी कमळ दिसू लागलं. बहात्तर पाकळ्या, मागच्या, आताच्या आणि पुढच्या काळातले चोवीस-चोवीस तीर्थंकर. मान दुखेपर्यंत पाहत राहिलो.

दुपारी गणपत गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मावशीसाठी पाव किलो कुंदा घेतला. दिवसा या शहरात माझी नजर सारखी पाट्यांवर जाते. कानडी कुठे, मराठी कुठे, कोणती वर, कोणती बारीक. १९५६ पासूनचं हे सीमावादाचं दुखणं मलाही लहानपणापासून लागलेलं आहे, ते सुटत नाही.

रात्री साडेनऊनंतर त्याच गल्लीतून परतलो. शटर पडलेली, पाट्या अंधारात. आता वरचे मजले दिसले: जुन्या घरांचे लाकडी सज्जे, एका खिडकीत देवाजवळचा दिवा. दुपारी इथे घरं आहेत हे जाणवलंच नव्हतं. बंद दुकानाच्या पायरीवर दोन म्हातारे बोलत होते. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, कानडीत संपायचं, आणि दुसऱ्याला त्यात काही अडत नव्हतं. मी उगाच चपलेचा पट्टा नीट करत थांबलो.

वडगावात पोचलो तर खटक-खटक, खटक-खटक. यंत्रमाग. हे विणकरांचं गाव. दिवसा रिक्षा-मोटारींच्या गोंगाटात तो आवाज विरून जातो. रात्री तो भिंतीतून, अंथरुणातून येतो.

"झोप लागंल काय गा तुला?" मावशी म्हणाली. "थांब, मी पाणी आणून ठेवतो." इथल्या बायकांचं हे 'मी येतो, मी जातो' ऐकलं की मला घरी आल्यासारखं वाटतं.

दोनच्या सुमारास लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले. त्या शांततेनं मी दचकून उठलो, तर मावशी अंधारात आधीच उठून बसली होती, कान देऊन.

"येतंय बघ आता," ती म्हणाली.

थोड्या वेळानं पलीकडच्या घरातला एक माग सुरू झाला. मग दुसरा. मावशी आडवी झाली.