'मस्ट', 'हॅव टू' आणि मॅन्युअलमधलं एक झाकण

मी यंत्रांची मॅन्युअल्स इंग्रजीत लिहिते. माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो सक्ती सांगणाऱ्या क्रियापदांवर.

'यू मस्ट स्विच इट ऑफ' लिहा नाहीतर 'यू हॅव टू स्विच इट ऑफ', वाचणारा यंत्र बंदच करतो. 'मस्ट'मध्ये सक्ती बोलणाऱ्याची आणि 'हॅव टू'मध्ये बाहेरच्या नियमाची, हा व्याकरणातला फरक चुकीचा नाही, पण बोलण्यात तो बराच सैल झालाय.

नकारात मात्र दोघांच्या वाटा पार वेगळ्या होतात. 'यू मस्ट नॉट ओपन द लिड' म्हणजे झाकण उघडायचं नाही. 'यू डोन्ट हॅव टू ओपन द लिड' म्हणजे नाही उघडलं तरी चालेल. पहिल्यात 'नॉट' उघडण्याला लागतो, दुसऱ्यात सक्तीलाच. आपल्या 'उघडायला नको'मध्ये हे दोन्ही अर्थ मावतात, म्हणून मराठी लिहिणाऱ्याची इथे हमखास गफलत होते. आत वाफ कोंडलेली असेल, तर ही गफलत कुणाचा तरी हात भाजते.

भूतकाळ तर त्याहून बारीक. अपघाताचा अहवाल समजा. 'द ऑपरेटर हॅड टू क्लोज द व्हॉल्व्ह': बंद करणं भाग होतं, आणि बहुधा त्याने तो केलाही. 'शुड हॅव क्लोज्ड': करायला हवा होता, केला नाही. 'मस्ट हॅव क्लोज्ड': केला असणार, म्हणजे लिहिणाऱ्याचा निव्वळ तर्क, सक्तीचा इथे संबंधच नाही. पण 'मस्ट' दिसला की लोक कर्तव्यच वाचतात, आणि दोष भलत्याच्या माथी बसू शकतो. अहवाल तपासताना मी हा शब्द आधी शोधते.

'शुड'बद्दल मला सर्वांत पटलेली व्याख्या व्याकरणाच्या पुस्तकात नाही, आरएफसी 2119 या तांत्रिक दस्तऐवजात आहे. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांसाठी 1997 साली हे शब्द तिथे बांधून दिले. 'मस्ट' म्हणजे पक्की अट. 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल तर सोडता येईल, पण परिणाम नीट तोलून मगच. सुरक्षेच्या सूचनेत 'शुड' आला की मी विचारते, कोणत्या कारणासाठी हे सोडलं तर चालेल? उत्तर मिळालं नाही, तर तिथे 'मस्ट'च लिहिते.

कायदे-करारांत सक्तीसाठी येणारा 'शॅल' मी वापरतच नाही. अमेरिकेच्या फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियमांची भाषा 2007 मध्ये सुधारली, तेव्हा तिथूनही तो संदिग्ध म्हणून काढला गेला.