एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा

युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या फोटोतला एक पिक्सेल जमिनीवर १० बाय १० मीटरचा असतो, म्हणजे १०० चौरस मीटर, आणि आपला गुंठा भरतो १०१ च्या आसपास. चाळीस पिक्सेल झाले की एकर! युरोपच्या लोकांनी सातबारा बघूनच डिझाइन केलंय की काय असं वाटतं.

आता नाशिक जिल्हा धरा साधारण साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे साडेपंधरा कोटी पिक्सेल, आणि जोडीतले उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तीच जागा परत टिपतात, त्यातही एका फोटोत १३ बँड, म्हणजे प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे. हे सगळं लॅपटॉपवर डाउनलोड करायच्या भानगडीत पडूच नका. गुगलचं अर्थ इंजिन आहे, डेटा तिकडेच पडून असतो, आपण फक्त कोड पाठवायचा, आणि व्यवसायासाठी नसेल तर फुकट.

कुठे कुठलं पीक आहे ते शोधायला मी काय केलं, तर प्रत्येक पिक्सेलचा वर्षभराचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा, काढला. हिरवं पान लाल प्रकाश खाऊन टाकतं आणि इन्फ्रारेड परत फेकतं, त्या दोघांची वजाबाकी भागिले बेरीज, बस एवढंच गणित. एका दिवसाचा नकाशा बघून काही कळत नाही, निफाडकडचं सगळंच हिरवं दिसतं. पण वर्षाचा ग्राफ काढला की पीक बोलायला लागतं. मग काही हजार पिक्सेल रँडम उचलून के-मीन्स या गट पाडणाऱ्या पद्धतीला दिले, म्हटलं सारखे ग्राफ असणारे एकत्र कर आणि आठ गट पाड.

गट पडले, पण कॉम्प्युटर नाव थोडीच सांगतो, तो म्हणतो गट शून्य, गट एक. त्यातला एक ग्राफ विचित्र होता, वर्षातून दोनदा धाडकन खाली. निफाडचे मामा घरी आले होते, त्यांना स्क्रीन दाखवली तर चहाचा कप खाली न ठेवताच म्हणाले, "अरे ही द्राक्षाची बाग आहे. ही एप्रिलची खरड छाटणी, ही ऑक्टोबरची गोडी छाटणी." मी म्हटलं, "मामा, पण ऑक्टोबरमध्ये सोयाबीन, मका पण निघतोच ना, तिथेही खालीच जाणार." तर म्हणाले, "मग मे बघ की."

आणि खरंच! मे महिन्यात आजूबाजूची रानं उघडी पडलेली असतात तेव्हा खरड छाटणीनंतरची बाग फुटून हिरवी होत असते. ऊस पण मेमध्ये हिरवा असतो, पण तो ऑक्टोबरमध्ये असा एकदम बोडका होत नाही. इगतपुरीकडच्या जंगलाचा गट तर लगेच ओळखू आला, पावसाळ्यात वर, उन्हाळ्यात पानगळ, एकच मोठा डोंगर. उन्हाळ कांद्याने मात्र दमवलं, पात बारीक आणि उभी, मधली माती दिसत राहते, त्यामुळे ग्राफ फार वर चढतच नाही आणि तो गहू-हरभऱ्यात मिसळतो. आठाचे बारा गट करून पाहिले, थोडा सुटला, पूर्ण नाही.

अजून एक घोळ म्हणजे बांधावरचे पिक्सेल, अर्धा माझा अर्धा शेजाऱ्याचा, वरून रस्ता. ते सरळ टाकून द्यावे या मताचा मी आहे, थोडा डेटा गेला तरी चालेल.

खरी पंचाईत सटाण्याकडे. तिकडे बागलाण तालुक्यात अर्ली, म्हणजे हंगामाआधी येणारी द्राक्षं, तिकडची छाटणी पावसाळ्यातच, आणि पावसाळ्यात फोटोत काय दिसतं तर ढग. ग्राफमधली छाटणीची ती खाच नेमकी ढगाखाली जाते, म्हणून तिकडच्या बागा माझ्या नकाशात बागा म्हणून येतच नाहीत. यावर इलाज सेंटिनेल-१ हा दुसरा उपग्रह, त्याचं रडार ढगातून आरपार बघतं, पण तो डेटा दाणेदार, खडबडीत असतो, आधी गाळून घ्यावा लागतो. सध्या तेच चाललंय.

मामांना या सगळ्यात एकच गोष्ट पाहिजे, शेजारच्या पाटलांनी यंदा छाटणी कुठल्या आठवड्यात घेतली ते. म्हटलं, "मामा, बांधावर जाऊन विचारा ना." तर म्हणे, "तो खरं सांगतो होय?"