२१३५ क्रमांकाची किल्ली

ओहायोतील झीनिया येथे दर मे महिन्यात भरणाऱ्या हॅमव्हेन्शन या हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे 'हॅम' मंडळींच्या, मेळाव्यातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून मी मोटोरोलाचा एक मायकॉर रेडिओ संच उचलला, तेव्हा त्याला कुलूप आहे याकडे माझे लक्षच गेले नव्हते. सत्तरच्या दशकात अमेरिकी पोलिसांच्या गाड्यांच्या डिक्कीत असे जड संच बसवलेले असत. नवे क्रिस्टल (वारंवारता ठरवणारे स्फटिक) घालून आणि ट्यूनिंग करून ते हौशी मंडळींच्या १४४ ते १४८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आणता येतात. मात्र त्यासाठी संच आधी उघडावा लागतो, आणि माझा संच आपल्या लोखंडी ट्रेमध्ये घट्ट अडकून बसला होता. विकणाऱ्याच्या मते किल्ली गाडीबरोबर भंगारात गेली असावी.

गावातल्या कुलूपवाल्याने एक नजर टाकून ड्रिल मारण्याचा सल्ला दिला. धातूचा कीस आतल्या सर्किटवर पडण्याच्या कल्पनेनेच मी संच काखोटीला मारून परतलो. (छत्रीखाली बसून नुसत्या कानशीने किल्ली घडवणारा आपल्याकडचा किल्लीवाला त्या दिवशी फार आठवला.)

वाट सापडली ती एका वयस्कर हॅम मित्राकडे. कुलूप न पाहताच ते म्हणाले, "२१३५ मागव." मोटोरोलाच्या त्या काळच्या बहुतेक मोबाइल (म्हणजे गाडीत बसवायच्या) संचांना हीच एक किल्ली चालते, कारण शेकडो गाड्यांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला प्रत्येक गाडीसाठी वेगळी किल्ली बाळगणे शक्यच नव्हते. बेस स्टेशनच्या, म्हणजे एका जागी बसवलेल्या संचांच्या, कपाटांसाठी २५५३, तर जनरल इलेक्ट्रिकच्या मास्टर टू मोबाइल संचासाठी बीएफ१०ए. म्हणजे मी इतके दिवस शोधत होतो किल्ली, आणि शोधायला हवा होता क्रमांक. तो कळल्यावर किल्ली काही डॉलरमध्ये टपालाने घरी आली.

ती पहिल्या प्रयत्नात फिरली नाही. तेलाने धूळ अधिकच चिकटते, म्हणून मी पेन्सिलीचे शिसे खरवडून त्याची पूड किल्लीच्या दातांना चोळली आणि किल्ली दहा-बारा वेळा आतबाहेर केली. त्यानंतर बारीक 'टक्' असा आवाज झाला, हँडल मोकळे झाले आणि ट्रेमधून सुटलेला संच थेट माझ्या पायाच्या अंगठ्यावर येता येता राहिला.