साडेतीनचं जेवण

मालवणात दुपारी साडेतीनला एखाद्या खानावळीच्या मागच्या दाराशी जाऊन पाहावं. पुढे खुर्च्या टेबलांवर उलट्या चढलेल्या, लादी पुसलेली, गल्ल्यावरचा पंखा बंद. मागे पाण्याच्या टाकीला पाठ टेकून विशी-बाविशीचा एक पोरगा उकड्या तांदळाच्या भाताचं ताट मांडीवर घेऊन बसलेला असतो. भातावर माशाची कढी. सकाळपासून त्याने सुरमईचे साठ-सत्तर तुकडे तळून पुढे पाठवलेत, पण त्याच्या ताटात तुकडा नाही. डोकं आहे.

त्याची कीव करायचं काही कारण नाही. गालाच्या मांसाइतकं मऊ मांस अख्ख्या सुरमईत दुसरीकडे सापडत नाही, आणि कढीला चव येते ती डोक्याच्या हाडांतून. पाहुण्याला डोकं नको असतं. ‘काटा नाही ना हो?’ हा त्याचा पहिला प्रश्न, आणि सुरमईचा सगळा रुबाब या एका प्रश्नावर उभा आहे. म्हणून डोकी मागे राहतात. मागे राहिलेल्यात चांगलं काय, हे मागच्या दाराशी बसणाऱ्याला ठाऊक असतं.

त्या ताटापर्यंत पोचायला सकाळी सहापासून सुरुवात होते. होड्या लागल्या की लिलाव, आणि लिलावात विचार करायला वेळ नसतो. कल्ला उचलून पाहायचा: लाल हवा, तपकिरी नको. डोळा फुगीर, स्वच्छ. पोटावर बोट दाबून सोडलं की खड्डा लगेच भरून यायला हवा. ताज्या माशाला समुद्राचा वास असतो. ज्याला ‘माशाचा वास’ म्हणतात तो मासा शिळा व्हायला लागल्यावर येतो. अडीच किलोची सुरमई घेतली तर डोकं, शेपटी आणि पोटातलं जाऊन पावणेदोन किलोच्या आसपास उरते. दीड सेंटिमीटर जाडीने कापली तर वीस-बावीस तुकडे पडतात, पण थाळीत मिरवण्याजोगे गोल त्यातले चौदा-पंधराच. शेपटीकडचे लहान तुकडे कढीत जातात. दहा थाळ्या जास्त खपल्या म्हणून जाडी कमी करायचा मोह मालकाला होतो. पातळ तुकडा आतून कोरडा पडतो आणि उलथताना मोडतो, ही तक्रार मात्र मालकाकडे जात नाही, तव्याकडे येते.

तव्यापाशी जरा थांबायला हवं. तवा बिडाचा, जाड बुडाचा. तुकड्यांना मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ (कोकमाचा मिठातला दाट रस) लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवतात. तासभर ठेवलं तर मुरत नाही, आंबटाने मांस पिठूळ होतं. मग सुटलेलं पाणी ओतून टाकून आलं-लसूण आणि मालवणी मसाला. वरून दोन वाट्या रव्याला एक वाटी तांदळाचं पीठ. नुसता रवा लावला तर दाण्यांच्या मधल्या फटींतून मसाला तेलात उतरतो. पीठ त्या फटी बुजवतं. आणि हे घोळवणं ऑर्डर आल्यावरच. सकाळीच घोळवून परातीत रचून ठेवलेले तुकडे पाहिले की त्या दिवशी काय होणार ते कळतं. रवा ओल ओढून घेतो, चिखल होतो आणि तव्यावर पडल्या पडल्या कवच सुटून वेगळं तरंगतं.

तेल तव्यावर पसरेल इतकंच. रव्याचे चार दाणे टाकायचे. लगेच चुरचुरले पण काळे पडले नाहीत, की तवा तयार. मध्यम आचेवर एका बाजूला तीन-चार मिनिटं. नवशिक्याची चूक इथे ठरलेली असते: तो दर अर्ध्या मिनिटाला उलथनं खाली घालून बघतो. जुना स्वयंपाकी मागून ओरडतो, ‘झिला, घाय करू नको. मासो आपसूक तवो सोडता, मगच परतूचो.’ खालचं कवच पुरतं भाजलं की तुकडा खरोखरच स्वतःहून सुटतो. त्याआधी उचलला तर अर्धा तव्यावर आणि अर्धा उलथन्यावर. दुसरी चूक, गर्दी. सहा तुकड्यांच्या तव्यावर दहा घातले की तवा थंडावतो, माशाचं पाणी सुटतं आणि तळायच्या ऐवजी तुकडे उकडतात. तिसरी चूक लक्षात यायला पंधरा दिवस लागतात: दोन-तीन घाण्यांनंतर तव्यावर उरलेला रव्याचा चुरा फडक्याने पुसून काढला नाही, तर तो जळतो आणि पुढच्या पाहुण्याच्या तुकड्याला काळे, कडू ठिपके येतात.

ऑर्डर आल्यापासून घोळवून तळेपर्यंत दहा-बारा मिनिटं लागतात. ऑर्डर दिल्यावर दोन मिनिटांत तळलेली सुरमई समोर आली तर खूश होऊ नये. ती कुणा दुसऱ्यासाठी, केव्हातरी आधी तळलेली असते.

सोलकढीचं वेगळंच. तिला आचेची गरज नाही, उलट आच हीच तिची वैरीण. एका मोठ्या नारळाचा चव, तीन-चार लसणीच्या पाकळ्या आणि एक हिरवी मिरची कोमट पाण्यात वाटून फडक्यातून पिळायचं. पुन्हा पाणी घालून दुसरा रस. त्यात दोन-तीन मोठे चमचे आगळ. मीठ अगदी शेवटी, चव घेऊन, कारण आगळ मिठातच केलेलं असतं. हे विसरणारा पहिल्या आठवड्यात एक पातेलं समुद्राचं पाणी करून ठेवतोच. जमलेल्या सोलकढीचा रंग फिकट जांभळट गुलाबी असतो. सरबतासारखा भडक गुलाबी दिसला तर त्यात कोकमाशिवाय आणखी कुणीतरी आहे असं समजावं. आंबटात नारळाचं दूध गरम केलं की फुटतं, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तीन-चार तासांत ते आपणहूनही आंबतं. म्हणून शहाणी खानावळ सोलकढी दोनदा करते, अकराच्या सुमारास आणि संध्याकाळी सातला, आणि पातेलं बर्फात ठेवते.

बांगड्याला पाहुणे कमी विचारतात, पण स्वयंपाक्याची खरी जबाबदारी बांगड्यापाशीच आहे. मासा आणि बर्फ सारख्याला सारखा, आणि वितळलेलं पाणी वाहून जाईल अशी पेटी. बांगडा उन्हात पडून राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं. ते उकळून जात नाही, तळून जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, आणि लोक म्हणतात, ‘मसाला बाधला.’ मसाल्याची काहीच चूक नसते. चांगल्या बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे दाट तिखट कालवणात, मात्र तिरफळं ही कोकणी मसाल्याची फळं हवीतच: सहा बांगड्यांना आठ-दहा, आतली काळी बी काढून, साल नुसती ठेचून. मिक्सरमध्ये फिरवली तर तिखलं कडवट. आणि मासा पडल्यावर डाव घालायचा नाही. पातेलं दोन्ही कानांना धरून हलवायचं, नाहीतर बांगड्याचा भुगा.

साडेतीनला जेवून पोरगा तासभर आडवा होतो. सहाला पुन्हा वाटण. गिरायकं हललेली, भांडी घासलेली, गॅस बंद, की अकरा वाजलेले असतात. आपण जेवतो त्या वेळी तो कधीच जेवत नाही, आणि आपण हिंडतो त्या वेळी तो हिंडत नाही. दिवाळी, नाताळ, मे महिना: सगळा मुलूख मालवणला निघालेला असतो तेव्हा हा तव्यामागे. त्याच्या घरापासून किल्ला होडीने पंधरा मिनिटांवर असला, तरी तो शेवटचा तिथे शाळेच्या सहलीबरोबर गेलेला असण्याची शक्यता बरीच. सुट्टीसाठी भांडायची वेळ वर्षातून दोनदाच येते, शिमगा आणि गणपती. तेव्हा मालकाने काहीही सांगितलं तरी पोरगा थांबत नाही, आणि मालकही फार ताणत नाही, कारण त्यालाही आपल्या गावी जायचं असतं.

त्याचा प्रवास सुरू होतो तो पावसाबरोबर. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. खानावळ कोंबडी-वडे, खाडीतल्या कुर्ल्या आणि सुक्या बांगड्यावर अर्ध्या माणसांत चालते. उरलेली अर्धी माणसं बॅग भरतात. मालवणला रेल्वे नाही. तासभर एसटीने कुडाळ, तिथून मुंबईकडची गाडी. आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेवर गाड्या हळू धावतात, त्यामुळे घाई असलेल्याने घाई घरी ठेवून यावं. बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेली स्वतःची सुरी, आईने मे महिन्यात केलेला मसाला, तिरफळं आणि आगळाची बाटली. ही बाटली दोन बोटं रिकामी ठेवून, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालून उभीच ठेवायची. आडवी पडून गळली तर शर्टावरचा डाग शर्टाबरोबरच जातो.

मुंबई-पुण्याच्या मालवणी हॉटेलात गेलं की आधी मासा परका वाटतो. बर्फात चार दिवस काढलेली सुरमई तव्यावर जास्त पाणी सोडते, म्हणून पुसून घ्यावी लागते, आच वाढवावी लागते. गोव्यात मासा तोच, फक्त सुरमईची ‘इसवण’ झालेली असते, आणि काही स्वयंपाकघरांत कोकमाच्या जागी व्हिनेगर येतं. आगळाच्या अंदाजाने व्हिनेगर ओतणाऱ्याचा पहिला दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो.

थोडे जण जहाजावर जातात. तिथे कागद लागतात: 2006च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार 18 वर्षांखालच्या कुणाला जहाजावर स्वयंपाकी म्हणून घेता येत नाही, आणि जहाजावर दहा किंवा जास्त माणसं नेमायची असतील तर शिकलेला, पात्रता मिळवलेला स्वयंपाकीच लागतो. पातेलं कधी काठोकाठ भरायचं नाही, कारण जहाज डोलतं. शेगडीला आडवे गज असतात, पातेलं घसरू नये म्हणून. आणि चहूकडे समुद्र असताना खायला उणे 18 अंशांत दगड झालेला, कुठल्या बंदरात चढवला ते पेटीवर वाचावं लागेल असा मासा. किनाऱ्यावर वाढलेल्या पोराला याचं हसू येतं. पहिले दोन महिने तरी.

बाकीचे नारळी पौर्णिमेच्या आसपास परततात. दोन महिने पडवीत पडून राहिलेल्या तव्याला गंज चढलेला असतो. काथ्याने आणि बारीक वाळूने घासायचा, धुऊन लगेच आचेवर सुकवायचा, तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा आणि धूर येईपर्यंत तापवायचा. असं तीन-चार वेळा. एवढं करूनही पहिले दोन तुकडे चिकटतातच. कवच तव्याला, मांस उलथन्याला. ते पाहुण्यासमोर ठेवता येत नाहीत. ताटलीत काढून, वर झाकण घालून, साडेतीनपर्यंत बाजूला ठेवायचे.