फळीवर बसलेला भाचा आणि बालभारतीतली चित्रं

मागच्या रविवारी भाच्याचे केस कापायला घेऊन गेले होते. आमच्या पाचोऱ्यात गल्लीच्या तोंडाशीच सलून आहे, तीन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, वर देवांच्या फोटोंना रोजचा ताजा हार. आप्पांनी खुर्चीच्या दोन हातांवर फळी आडवी टाकली, भाच्याला उचलून तिच्यावर बसवलं, गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलं, आणि पोरगं आरशात स्वतःकडे असं बघायला लागलं की आता आपलं काही खरं नाही. बाजूच्या बाकावर दोन म्हातारे बसलेले, एकाच्या हातात पेपर पण नजर पोराकडे. दारातून सकाळचं ऊन तिरपं आत आलेलं. मला एकदम वाटलं, हे मी बघितलंय. म्हणजे लहानपणी माझा बॉयकट याच फळीवर बसून व्हायचा ते तर आहेच, पण तसं नाही, हे मी चित्रात बघितलंय.

घरी येऊन सलूनमध्ये काढलेला फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि कळलं की ही सगळी बालभारतीची कृपा आहे. आमच्या पुस्तकांत प्रत्येक धड्याला चित्र असायचं आणि मी धडा कमी वाचायचे, चित्र जास्त बघायचे. विहिरीवरच्या बाया, ओट्यावर सुपारी कातरणारे आजोबा, बैलगाडीच्या मागे लोंबकळणारी पोरं. काही पानांवर तर काळा आणि अजून एकच कुठला तरी रंग, तेवढ्यात सगळं गाव उभं केलेलं असायचं. ती कोणी काढली हे तेव्हा कधी बघितलं नाही, आता वाईट वाटतं त्याचं. घरी ‘किशोर’ यायचा, तो 1971 पासून बालभारतीच काढते, त्यातही अशीच चित्रं. आणि आजोबांच्या लोखंडी पेटीत जुने दिवाळी अंक होते, त्यात दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’चे काही. दलाल 1971 मध्येच गेले, मी त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मले, पण ती मुखपृष्ठं मी बोट फिरवून फिरवून बघितलीयेत. आईने रद्दीत घालायची नाही म्हणून सांगितलं होतं, ते बरं केलं.

तर गेली तीन वर्षं मी हेच करतेय, त्या चित्रांसारखे दिसणारे रोजचे फोटो काढतेय, नोकरी सांभाळून. सेकंडहँड निकॉन आणि 35 ची लेन्स घेऊन सकाळी नाहीतर संध्याकाळी गावात फिरते. पिठाची गिरणी, जूनमध्ये शाळेच्या ड्रेसची मापं घेणारा टेलर, एसटी स्टँडवर पाटी घेऊन बसलेली बोरंवाली, सायकलचं पंक्चर बघायला जमलेली चार पोरं. लोक विचारतात की यात काय फोटो काढायचा, हे तर रोजचंच आहे. तेच तर काढायचंय.

आता असे फोटो चित्रासारखे का दिसतात यावर मी खूप डोकं खाजवलंय. आधी वाटायचं रंगांमुळे, म्हणून एडिटिंगमध्ये पिवळं-तांबूस करून बघितलं, तर नुसतं जुनाट दिसायला लागलं, चित्र काही होईना. मग जुनी पुस्तकं आणि अंक समोर घेऊन बसले आणि हळूहळू दिसायला लागलं की चित्रकार माणसं कधी एकमेकांच्या अंगावर चढवत नाही. पाच माणसं असली तरी पाचही डोकी सुटी, प्रत्येकाच्या भोवती थोडी जागा, हाताने काय चाललंय ते स्पष्ट. आणि उजळ वस्तू नेहमी अंधाऱ्या जागेवर ठेवलेली, म्हणजे पांढरी टोपी असेल तर तिच्या मागे दुकानाचा काळोख हवाच, नाहीतर टोपी जाते. आणि सगळे कुठेतरी एकाच गोष्टीकडे बघतात, एक जण मात्र दुसरीकडे. हे चित्रात ब्रशने करता येतं, रस्त्यावर तुम्हाला उभं राहावं लागतं. सायकलवाल्याच्या त्या फोटोसाठी मी पाऊण तास समोरच्या ओट्यावर बसले होते, कारण दोन पोरांची डोकी एकमेकांत घुसत होती, एक खाली वाकला की दुसरा पण वाकायचा, शेवटी कोणीतरी कुल्फीवाल्याची घंटी ऐकून मान वळवली आणि चारही पोरं सुटी झाली. एकच क्लिक मिळाला.

मागचं उडवून देणारा ब्लर मी आता वापरत नाही. लेन्सचं छिद्र लहान करून एफ 8 वर ठेवते, म्हणजे मागचंही स्पष्ट येतं. चित्रात मागची भिंत, खुंटीवरची पिशवी, कॅलेंडर, कोनाड्यातला दिवा सगळं स्पष्ट असतं आणि अर्धी गोष्ट तिथेच असते, ते धूसर केलं तर राहिलं काय.

सुरुवातीला एक चूक केली ती सांगते. आठवडे बाजारात एक बाबा मिरच्यांच्या ढिगामागे बसले होते, धोतर, टोपी, वर गोणपाटाची सावली, अगदी पुस्तकातले. फक्त खाली लाल प्लास्टिकची खुर्ची आणि हातात मोबाईल. मी म्हटलं बाबा, जरा खाली पोत्यावर बसता का, आणि मोबाईल बाजूला ठेवा ना. ते बिचारे लगेच उठले, बसले, हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिले. फोटो आला पण त्यात जीव नव्हता, कोणीतरी आधार कार्डाला बसलंय असं वाटत होतं. मी आभार मानून निघाले, मागे वळून बघितलं तर ते परत खुर्चीवर बसून मोबाईलवर नातवाला व्हिडिओ कॉलमध्ये मिरच्या दाखवत होते, मिरची पार कॅमेऱ्याजवळ नेऊन. तो फोटो मी घेऊ शकले नाही कारण मधून गाडी गेली. त्या दिवसापासून कोणाला काही हलवायला सांगत नाही. डिशची छत्री, वायरी, पाण्याचे निळे ड्रम, सगळं राहू दे. आमच्या पुस्तकातल्या चित्रकारानेही त्याच्या काळातला रेडिओ आणि कंदील काढलाच होता की, आपल्याला तो आज जुना वाटतो एवढंच.

मांडणी करणं वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत नॉर्मन रॉकवेल म्हणून चित्रकार होते, 1916 ते 1963 अशी 47 वर्षं एका साप्ताहिकाची मुखपृष्ठं काढली, छोट्या गावातलं आयुष्य, डॉक्टरकडे आलेली पोरं, केस कापणारा न्हावी असलं सगळं. ते शेजारीपाजारीच मॉडेल म्हणून बोलवायचे, त्यांना हवं तसं उभं करायचे, फोटोग्राफरकडून फोटो काढून घ्यायचे आणि मग त्या फोटोंवरून चित्र रंगवायचे. म्हणजे ते फोटोवरून चित्राकडे गेले आणि मी चित्रावरून फोटोकडे येतेय. त्यांचं बघून मला धीर आला, की शेजारच्या माणसांवर सगळं आयुष्य काढता येतं.

आणि लांब कशाला जायचं, आमच्याच लाईनवर चाळीसगाव आहे. स्टेशनजवळ केकी मूसांचं घर, ‘रेम्ब्राँज रिट्रीट’. रेम्ब्राँ या डच चित्रकाराचं नाव घराला देणारा फोटोग्राफर. 1912 चा जन्म, 1989 मध्ये गेले, आणि मधली जवळजवळ पन्नास वर्षं ते त्या घराबाहेर क्वचितच पडले. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडायचे, प्रकाश टाकायचा आणि फोटो असा काढायचा की बघणाऱ्याला वाटावं की हा डोंगरदऱ्यांचा देखावा आहे. त्याला टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात. मी कॉलेजला असताना पहिल्यांदा ते घर बघितलं तेव्हा फोटो आणि चित्र यातला फरक मला कळेनासा झाला होता, आणि हे सगळं खान्देशात, एका रेल्वेच्या गावात बसून केलंय हे कळल्यावर तर मी परतीच्या गाडीत काही बोललेच नाही. आमच्या भागातल्या पोरांना शाळेच्या सहलीत तिथे न्यायला पाहिजे, वेरूळ-अजिंठा तर नेतातच.

मूस घरात बसून जग उभं करायचे, मला तेवढी ताकद नाही, मला बाहेरच जावं लागतं. आणि बाहेरचं थांबत नाही. आमची पीजे बघा. पाचोरा-जामनेर, अडीच फुटी रुळांची छोटी गाडी, 56 किलोमीटर, वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत जायची. लहानपणी मावशीकडे जामनेरला जायचं म्हणजे पीजेच, दुधाच्या कॅन, कोंबड्या, नवरी-नवरदेव सगळे एकाच डब्यात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये बंद झाली आणि मग रूळ मोठे करायचं काम निघालं. मी 2019 मध्ये पुण्याहून परत आले होते, कॅमेरा होता, रोज तिची शिट्टी ऐकायचे आणि म्हणायचे, काढू कधीतरी. एकही धड फोटो नाही माझ्याकडे. मोबाईलवर एक आहे, त्यात खिडकीत माझाच हात आहे. मोठी गाडी येईल ते चांगलंच आहे, लोकांची सोय होईल, पण ते डबे, ती दाराशी पाय सोडून बसलेली माणसं मला फोटोत हवी होती आणि ती राहिली ती राहिलीच.

म्हणून आता मी उद्यावर टाकत नाही. मार्चमध्ये शेजारच्या जिजींकडे बिबडे होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, भरडायची, मग मोठ्या पातेल्यात लसूण, तीळ, तिखट घालून घाटा शिजवायचा आणि तो हाटायला, म्हणजे ढवळायला, दोन बायांचे हात लागतात. गरम घाट्यावर तेल सोडून खायला गल्लीतली पोरं वाटी घेऊन हजर असतात. मी पहाटे साडेपाचला धाब्यावर गेले. आमच्याकडे जुनी घरं धाब्याचीच, वर सपाट मातीचं, उन्हाळ्यात सगळे वरच झोपतात, काही बाजा अजून तशाच होत्या, एक पोरगं गोधडीत. मधे पांढरं धोतर अंथरलेलं आणि त्याच्या कडेने चार बाया, पाण्याचा हात लावून बिबडे थापतायत. सूर्य वर यायच्या आधीचा तो उजेड असतो ना, सावलीच नसते कुणाची, सगळं एकसारखं उजळ, चित्रात पहिला हात रंगाचा दिल्यासारखं. चारही जणी सुट्या, ओल्या बिबड्यांची गोल गोल नक्षी, मागे मोबाईलचा टॉवर आणि कबुतरं. मी भिंतीच्या कडेला उभं राहून काढत होते. जिजींनी मान वर न करताच विचारलं, “मना फोटू काबर काढी राह्यनी व माय? तोंड बी धोयेल नई.” मी म्हटलं जिजी, हात काढतेय. मग त्या काही बोलल्या नाहीत, थापत राहिल्या.

आठ बाय बाराची प्रिंट काढली, मॅट पेपरवर, चकचकीत पेपरवर ते दिवे चमकतात म्हणून. जळगावहून करून आणली. फोटो कोणाचा काढला की प्रिंट त्याला द्यायची हे मी ठरवूनच टाकलंय, आप्पांनी त्यांची आरशाच्या कडेला खोचली आहे, गिऱ्हाईक विचारतं हे पोरगं कोण.

जिजींनी प्रिंट हातात घेतली, चष्मा नव्हता, उजेडाला दारात नेली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “हाई कोनी काढं?” त्यांना ते चित्र वाटलं होतं. आपल्या भाषेत चित्र पण काढतात आणि फोटो पण काढतात, त्यामुळे मला पटकन काय सांगावं कळलं नाही, मी एवढंच म्हटलं, मी काढलं जिजी. त्यांनी बोटाने फोटोतल्या हाताला हात लावून बघितला, पदराने प्रिंट पुसली, कोरडीच होती तरी, आणि म्हणाल्या, “मना हात इतला म्हतारा व्हई ग्यात का व?” आणि मग ती प्रिंट साडीच्या घडीत ठेवून पत्र्याच्या पेटीत, एकदम तळाशी, कागदपत्रांच्या शेजारी ठेवली आणि मला एका पिशवीत दहा-बारा बिबडे बांधून दिले.