पहिला टेंट: यादी दोनवर आली

टेंटचा शोध आता दोन पर्यायांवर येऊन थांबलाय आणि दोन्ही स्वतःच्याच पोलांवर उभे राहणारे, घुमटाच्या आकाराचे डोम आहेत. ट्रेकिंग पोलवर, म्हणजे चालताना हातात धरायच्या काठीवर, लावायचे हलके टेंट यादीतून काढले. किलोभर वजन बघून आधी त्यांच्यावरच जीव जडला होता, पण ते उभे राहतात खुंट्यांच्या ताणावर. सह्याद्रीत खुंटी रोवणार कुठे? माथ्यावर बऱ्याच ठिकाणी बोटभर माती आणि खाली काळा कातळ.

याची खात्री हरिश्चंद्रगडावर झाली. पाचनईतून चढताना मुद्दाम भाड्याचा टेंट घेतला होता. कोकणकड्याच्या बाजूला मोकळ्यावर खुंटी दोन इंच आत गेली आणि दगडाला लागून वाकली. मग टेंट देणाऱ्या दादांनी त्यांची पद्धत दाखवली. दोर एका मुठीएवढ्या दगडाला बांधायचा, दगड टेंटपासून लांब ठेवायचा आणि त्याच्या अलीकडे दोरावरच मोठा धोंडा टेकवायचा. वारा टेंटला जितका ओढतो तितका छोटा दगड मोठ्यामागे घट्ट अडकतो. रात्रभर कड्यावरून वारा येत होता, एकही दोर सुटला नाही. तेव्हापासून टेंट बघताना मी आधी फ्लायला, म्हणजे बाहेरच्या आवरणाला, दोर बांधायच्या कड्या किती आणि कुठे आहेत ते बघतो. फक्त चार कोपऱ्यांत असतील तर तो टेंट आपल्या माथ्यांसाठी नाही. भिंतींच्या मध्यावरही हव्यात.

सकाळी दुसरी गोष्ट कळली. फ्लायच्या आतून थेंब लोंबत होते आणि शेजारच्या टेंटमधला मुलगा म्हणाला, "गळतोय हा." आकाश निरभ्र होतं! दोन माणसांचा रात्रभराचा श्वास गार कापडावर जमून त्याचं पाणी झालं होतं. आतला जाळीचा थर आणि बाहेरची फ्लाय यांत चांगली फट असेल, तर ते पाणी फ्लायवरूनच खाली ओघळतं, स्लीपिंग बॅगवर पडत नाही. म्हणून एका थराचे टेंट बाद. हवा जायची खिडकी वर, छताजवळ हवी आणि पाऊस असतानाही उघडी ठेवता यायला हवी. आतली भिंत मात्र पूर्ण जाळीची नको. जानेवारीत वाऱ्याबरोबर धूळही आत येते. खाली कापड आणि वर जाळी हे मला पटलं.

पाण्याच्या आकड्यांवर आपल्याकडे फार चर्चा होते. १५०० मिमी की ३००० मिमी, म्हणजे किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड न झिरपता झेलतं? आषाढ-श्रावणात घाटमाथ्यावर उघड्यावर टेंट लावायचा माझा विचार नाही. त्या दिवसांत गावातलं घर किंवा गडावरची कोरडी गुहा बरी. ऑक्टोबरनंतरच्या अवकाळी सरीला १५०० ची फ्लाय पुरते, शिवणींवर आतून टेप नीट चिकटवलेली असली म्हणजे झालं. तळाचा आकडा मात्र जास्त असावा, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की पाणी तिथून दाबाने वर येतं.

पोल ॲल्युमिनियमचेच घेणार. फायबरग्लासचा पोल जड असतो आणि मोडताना उभा चिरतो, त्याच्या कुसळांनी कापडही फाटतं. ॲल्युमिनियमचा वाकला तर वर नळी सरकवून, चिकटपट्टी गुंडाळून रात्र निभावते. फेकला की उघडणारे गोल टेंट गाडीतळाजवळ छान, पण घडी केल्यावर होणारी ती मोठी थाळी पाठीवर घेऊन कारवीतून चालून बघा.

"दोघांसाठी" या लेबलवर विसंबू नका. मी दुकानात स्वतःची मॅट घेऊन गेलो. आतली रुंदी १३० सेमी, दोन मॅटी मिळून जवळपास ११०. सॅका मग बाहेर, फ्लायच्या ओसरीत. लांबी २१० सेमी लिहिलेली असली तरी भिंती तिरक्या असल्या की डोकं आणि पाय दोन्ही कापडाला टेकतात, म्हणून आडवं होऊन बघाच.

उरलेल्या दोनांपैकी एक दोन किलोंचा, एका दाराचा. दुसरा अडीच किलोंचा, दोन दारांचा. मित्र आणि मी वजन वाटून घेतो, एकाकडे पोल आणि फ्लाय, दुसऱ्याकडे आतला भाग, त्यामुळे जास्तीचा अर्धा किलो मला जड वाटत नाही. दोन दारं असली की रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडावं लागत नाही, हा फायदा मोठा आहे. रविवारी दोन्ही टेंट दुकानात लावून बघणार आहोत, हेडलॅम्पच्या उजेडात आणि कुणाची मदत न घेता.